स्पेनची बाटली आणि मोहाचा चैत्र

मोहाचा वास सगळ्यांनाच आवडतो असं नाही. माझ्या सुनेचं त्यानं डोकं दुखतं. आमच्या चंद्रपूरच्या घरामागे एक म्हातारा मोह आहे. फाल्गुन सरत आला की तो टपटपायला लागतो आणि सकाळी सगळं अंगण त्या गोड, जड, किंचित आंबूस वासानं भरून जातं. सून खिडक्या लावून घेते, मी उघडते. मग मी खुर्ची टाकून झाडाखाली बसते आणि चहा निवेपर्यंत नुसता श्वास घेत राहते. किती वेळ ओढाल तो वास, असं ती दरवर्षी विचारते. दरवर्षी मी तिला सांगते की हा वास माझा एकदा हरवला होता, आणि तो मला स्पेनच्या दारूनं परत आणून दिला. पहिल्या वर्षी तिला वाटलं, सासूला भ्रम झाला. आता ती काही बोलत नाही, खिडकी तेवढी लावते.

तेव्हा आम्ही आलापल्लीला होतो. गडचिरोली जिल्हा अजून व्हायचा होता, सगळा मिळून चांदाच. हे जंगलखात्यात रेंजर होते. घरापासून हाकेच्या अंतरावर सागाचा डेपो, ओंडक्यांच्या चळतीवर चळती. पाऊस पडून गेला की ओल्या सागाचा तेलकट, चामड्यासारखा वास थेट चुलीपर्यंत यायचा. यांच्या खाकी शर्टाला तोच वास. मी लग्न होऊन आले तेव्हा नवऱ्याच्या आधी त्याच्या शर्टाशी ओळख झाली म्हटलं तरी चालेल. माझं नाक तसं पहिल्यापासून तिखट. दूध नासायच्या बेताला आलंय, तांदूळ जुना नाही, पाटावर बसलेल्या पाहुण्याला ताप आहे, हे सगळं मला नाकानं कळायचं आणि त्याचा मला गर्व होता. खोटं कशाला बोलू, चांगलाच गर्व होता.

त्या पावसाळ्यात मला ताप आला. तसल्या मुलखात ताप कुणाला येत नाही? पण हा ताप गेला तो माझं नाक घेऊन गेला. अंथरुणातून उठून पहिला चहा तोंडाला लावला, तर गोड गरम पाणी. मला वाटलं चहापत्तीच टाकली नाही. कांदा कापला, डोळ्यांना पाणी आलं, नाकाला काही नाही. यांचा शर्ट तोंडावर धरला, तर नुसतं कापड. तेव्हा मात्र मी घाबरले. डोळे गेले, कान गेले तर लोक हळहळतात. नाक गेलं म्हटलं की हसतात. मीही हसून सांगायचे आणि मग न्हाणीघरात जाऊन साबणाची वडी हुंगत बसायचे. वासाशिवाय स्वतःचं घरसुद्धा दुसऱ्या कुणाचं वाटतं, हे ज्याचं गेलंय त्यालाच ठाऊक.

खाण्याचं एक वेळ सोडा. माझी खरी अडचण देवांची होती. आमचं मूळ घर सावली गावचं, धानाची शेती. रामनवमीला आमच्याकडे पुरणाचा नैवेद्य असतो, आणि माझ्या सासऱ्यांनी जाण्यापूर्वी सांगून ठेवलं होतं की तो धाकट्या सुनेच्या हातचा व्हायचा. त्यामुळे आमची बदली कुठेही असो, सासूबाई देवांचा पितळी डबा मांडीवर घेऊन मोटारीनं, आष्टीला नावेनं नदी ओलांडून आमच्याकडे यायच्या. आता नैवेद्याचा स्वयंपाक म्हटला की चाखायची सोय नाही. देवाला दाखवायच्या आधी जिभेला लावलं की ते उष्टं झालं. मीठ, तिखट, आंबट, शिजलं की नाही, सगळं वाफेवर ओळखायचं. जीभ शाबूत असून उपयोग काय? आमच्या घरातली चांगली सुगरण म्हणजे नाकाची सुगरण.

दिवाळीला आम्ही सावलीला गेलो तेव्हा माझ्या कढीत दोनदा मीठ पडलं आणि भात खालून काळा झाला. मी चुलीपुढेच बसले होते, तरी मला पत्ता नव्हता. धाकटी पोरं हसली. सासूबाई हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत, तेच वाईट होतं. निघताना त्यांनी मला ओसरीवर बसवलं आणि सरळ सांगितलं, "रामनवमीले मी येतो. तवापर्यंत नाक आलं तं ठीक. नाई तं नैवेद्य थोरलीकडे, कायमचा. देवाले करपलेलं नाई देता येत, बाई." माझ्या जावेबद्दल माझं काही वाकडं नव्हतं. ती चांगलीच रांधायची. पण तो नैवेद्य माझा होता. सासरी माझं म्हणावं असं तेवढं एकच होतं, आणि ते मला सोडायचं नव्हतं.

हिवाळा गेला. मी रोज सकाळी लवंग, हिंग, लिंबाची साल, रॉकेलची चिमणी असं एकेक नाकाशी धरायचे. शेजारच्या बायका विचारायच्या, आलं का? मी मान हलवायचे. पळस फुलला, पानं गळाली, आणि एके दिवशी सोमी हातात टोपली घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली की मोह पडायला लागला.

सोमी आमच्याकडे पाणी भरायला यायची. तिचं गाव सूरजागडच्या डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवर. मोहाच्या दिवसांत ती पाण्याला उशिरा यायची, कारण उजाडायच्या आत तिला झाडाखाली हजर राहावं लागे, अस्वलाच्या आधी. झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन साफ करायची, तिच्यावर पडलेली फिकट पिवळी फुलं एकेक करून वेचायची, अंगणात चटईवर पसरायची. दोनचार उन्हांत त्यांच्या मनुका होतात, तांबूस, चिकट. येताना ती मला ओंजळभर ताजी फुलं आणायची आणि मी ती नाकाला लावायचे. गार, ओली, लुसलुशीत. बस. सगळं आलापल्ली त्या वासानं झिंगलेलं, हे जेवताना म्हणायचे की आज भाताला पण मोहाचा वास येतोय, आणि मी आपली कुलूप लावलेल्या घराबाहेर उभं राहावं तशी.

सोमी स्वतःही ती फुलं तोंडात टाकत नसे. वेचायची, वाळवायची, पण चव घ्यायची नाही. गावात पंडुम व्हायचा होता. म्हणजे नवा मोह आधी गावदेवाला आणि वाडवडिलांना द्यायचा, मग माणसांनी. तोवर पोरांच्याही हातावर चापट बसे. मी तिला आमच्या नैवेद्याचं सांगितलं तेव्हा तिला त्यात काहीच नवल वाटलं नाही. "मी चाखून नाई राह्यली, अन् तुले चव नाई. आपण दोघीबी उपाशीच," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. मला राग यायला हवा होता, पण हसू आलं.

तिसरे उपाशी आमचे डॉक्टर. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर फुर्तादो मूळचे गोव्याचे, एकटेच राहायचे, कोकणी मिसळलेलं मराठी बोलायचे. ईस्टरच्या आधीचे त्यांचे उपास चालू होते, मटण बंद, मद्य बंद, त्यामुळे त्या दिवसांत ते जरा चिडखोर असायचे. माझं नाक त्यांनी टॉर्च लावून कितीदा तपासलं असेल. नाक मेलेलं नाही, झोपलंय, एवढंच सांगायचे. वाफेवर मीठ ओळखते म्हटल्यावर ते म्हणाले, बाई, मिठाला वासच नसतो. मी म्हटलं, मिठाला नसेल, पण बिनमिठाच्या वरणाला असतो. त्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विषय बदलला.

ईस्टरला त्यांनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. त्यांचे मामा जहाजावर होते, त्यांनी कधीतरी स्पेनच्या बंदरातून एक बाटली आणून दिली होती. ती बाटली म्हापसा, मुंबई, नागपूर असा प्रवास करत आलापल्लीला पोचली होती आणि दोन उन्हाळे ट्रंकेत, ब्लँकेटमध्ये गुंडाळून, पलंगाखाली निजली होती. ती आज उघडायची होती. सरत्या फाल्गुनातल्या उन्हात ती चहासारखी तापली असती, म्हणून आदल्या दिवसापासून डॉक्टरांनी ती दवाखान्याच्या रांजणाखालच्या ओल्या वाळूत गळ्यापर्यंत पुरून ठेवली होती. कंपाउंडर येता-जाता तिच्यावर तांब्याभर पाणी ओतायचा.

मी घेणार नाही असंच ठरवून गेले होते. बाईमाणसानं दारू, तीही चारचौघांत? पण डॉक्टर बूच काढताना असे गंभीर झाले होते की मी पाहतच राहिले. काचेचे प्याले दोनच होते, आणि त्यातला एक यांच्या हातून फरशीवर पडून फुटला. मग आली पंचाईत. सोमी डॉक्टरांकडेही पाणी भरायची, ती तेव्हा आलीच होती. तिनं कुंपणाजवळच्या पळसाची नुकती फुटलेली पानं तोडली, काडीनं टाचली आणि दोन द्रोण पुढे ठेवले. स्पेनची वाइन पळसाच्या द्रोणात. डॉक्टरांनी क्षणभर डोळे मिटून घेतले, मग म्हणाले, चालेल.

रंग मात्र मी कधी विसरणार नाही. द्रोणाच्या हिरव्यात तो जवळजवळ काळा दिसत होता, आणि डॉक्टरांनी आपला पेला खिडकीच्या उजेडात धरला तेव्हा मध्ये पिकल्या जांभळासारखा आणि कडेला विटेसारखा. ती कड म्हणजे म्हातारपण, त्यांनी सांगितलं. यात दोन जातींची द्राक्षं आहेत. एक भरल्या अंगाचं पण अबोल, दुसरं बोलकं आणि गरम डोक्याचं. दोघांना एकत्र करून ओकच्या लाकडाच्या पिंपात वर्षानुवर्षं कोंडून ठेवतात, मग बाटलीत. लाकूड हळूहळू श्वास घेतं आणि दोघांची भांडणं मिटवतं. हे लगेच म्हणाले की ओक म्हणजे आपला हिमालयातला बांज, देहरादूनला शिकताना पाहिलाय. पण सागाची पिंपं का करत नाहीत? सागाचं तेल उतरेल, डॉक्टर म्हणाले. यांना ते अजिबात आवडलं नाही. सागात काही कमी आहे असं कुणी म्हटलेलं ते खपवून घेत नसत.

त्या दोघांचा वाद चालला होता तेवढ्यात मी द्रोण उचलला. सोमी उंबऱ्यावर बसून बघत होती. ती हळूच म्हणाली, "पहिले धरतीले दे, बाई. मंग पे." तिच्या दृष्टीनं ती नवीच दारू होती, कुणी का गाळली असेना. मी बोट बुडवून उंबऱ्याबाहेरच्या मातीवर चार थेंब सोडले. मग एक घोट घेतला.

काही नाही. गार, आंबट, आणि मग तुरट, कच्चं टेंभूर चावल्यासारखी जीभ आखडली. आंबट-तुरट मला चहातूनही कळत होतं, त्यात नवं काय? मला एकदम रडू यायला लागलं. इतक्या लांबून आलेली वस्तू, आणि आपण तिच्यापुढे दगड. डॉक्टरांनी ते पाहिलं असावं. गिळू नका, ते म्हणाले, तोंडात धरा, ऊब येऊ द्या, आणि गिळल्यावर श्वास नाकानं बाहेर सोडा, सावकाश. मी दुसरा घोट धरला. तोंडात तो मऊ होत गेला, तुरटपणा हिरड्यांवर बसला. मी गिळला, आणि श्वास सोडला.

आणि जाता जाता त्या श्वासात काहीतरी होतं. नाव सुचेना. बाहेरून आत आलेलं नव्हतं, आतून बाहेर निघालं होतं. मी पुन्हा घोट घेतला, पुन्हा श्वास सोडला, आणि मोठ्यानं म्हणाले, "लाकूड."

हे वाद सोडून माझ्याकडे वळले. "कुठलं?" त्यांनी विचारलं. साग नाही, एवढं मी सांगू शकत होते. नव्या कपाटाचं दार उघडावं तसं, पण कपाट कुणी लवंगा ठेवून विसरलेलं. हे म्हणता म्हणता लवंग खरंच आली, आणि लवंगेच्या मागून धूर, लांबचा, पाचोळ्याचा. आता मी रडत होते आणि पीत होते, आणि दोन्हीची लाज वाटत नव्हती. डॉक्टर टेबलावर हात आपटून हसत होते. फळ सगळ्यात शेवटी आलं. जांभूळ आणि मनुका, आणि मनुकांच्या तळाशी चटईवर वाळलेला मोह. मी सोमीकडे बघितलं. तिला मी मोहाचं नाव घेतलेलं कळलं आणि तिनं मान हलवली, म्हणजे त्यात काय, असणारच.

मग पुन्हा सगळं बंद झालं. घरी येईपर्यंत नाक पहिल्यासारखं. पण आता मी घाबरले नाही. दार आहे आणि ते उघडतं, हे कळलं होतं. उरलेली बाटली डॉक्टरांनी बूच लावून मला दिली, रोज संध्याकाळी दोन चमचे, औषध म्हणून. दुसऱ्या दिवशी ती पहिल्या दिवसापेक्षा गोडीत आली होती, अबोल द्राक्ष बोलायला लागलं होतं, आणि मला लाकडाच्या आधी फळ सापडलं. त्यानंतर तिची धार गेली. एका संध्याकाळी मी बूच काढलं आणि चमचा भरायच्या आधीच माझं तोंड वाकडं झालं. आंबली होती. शिरका झाला होता. मी ती न चाखता मोरीत ओतली आणि यांना हाक मारून सांगितलं की वाइन खराब झाली. माझ्या आवाजातला आनंद ऐकून यांना काही कळेना.

पुढे डॉक्टर म्हणायचे की नाक परत यायचंच होतं, वाइन फक्त वेळेवर हजर होती. म्हणोत. मी आजही ते मानत नाही. लवंग आणि हिंगापुढे महिनोन् महिने मी नाक घासलं होतं, ती काही हजर नव्हती का?

मोह आला तो मात्र कुठलंही निमित्त न करता. सकाळी मी दाराची कडी काढली आणि तो समोर उभा होता, सगळाच्या सगळा, जंगलाएवढा. मी उंबऱ्यावर बसकण मारली. त्याच्या पाठोपाठ शेण, धूर, ओला साग, दोरीवरचा शर्ट, एकेक जण हजेरी लावल्यासारखा आला. कुणाला सांगायला गेले नाही. तेवढा वेळ मला एकटीला हवा होता, आणि मी तो घेतला. त्या सकाळी माझ्याएवढी श्रीमंत बाई चांदा जिल्ह्यात दुसरी नसेल.

सासूबाई नवमीच्या आदल्या दिवशी आल्या. वाइनचं यांनीच सांगून टाकलं, औषध म्हणून. त्यांनी रिकामी बाटली उलटसुलट पाहिली, काच चांगली जाड आहे म्हणाल्या आणि रॉकेलसाठी मागून घेतली. नाक आलं असं मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण विश्वास ठेवला नाही. दिवाळीची कढी त्यांच्या लक्षात होती. सकाळी आंघोळ करून, ओलेत्यानं त्या स्वतःच चुलीपुढे बसल्या आणि मला पडवीत तांदूळ निवडायला लावलं. या साली मी करतो, पुढच्या सालापासून थोरली करेल, एवढंच बोलल्या.

मी पडवीत बसले. आत डाळ शिजली, वेळून काढली, गूळ पडला. गूळ विरघळायला लागला की पुरणाचा वास कसा बदलतो, ते मला भिंतीआडून दिसत असल्यासारखं कळत होतं. पुरण आटत आलं. आणि मग त्या गोडाच्या खालून एक बारीकशी, तपकिरी, कडू रेघ वर आली. मी सूप खाली ठेवलं.

"आई, पुरण लागून राह्यलं," मी आत बघत म्हणाले.

"कुठी लागून राह्यलं? मी समोर बसून आहो ना."

"खाली. उजव्या अंगाले. जाळ तिकडे जास्त आहे."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग उलथनं पुरणात तळापर्यंत घातलं, उजव्या बाजूनं, आणि वर काढलं. टोकाला तपकिरी पापुद्रा होता. त्यांनी तो नाकाशी नेला, हुंगला, बराच वेळ तसाच धरला. त्यांच्या नाकापर्यंत अजून काही पोचलं नसावं, वय झालं होतं. स्वयंपाकावरून दिवसभर वाद चालला तरी त्या कधी हरलेल्या मी पाहिल्या नव्हत्या, आणि मला त्यांना हरवायचं नव्हतंही. मला फक्त माझी चूल हवी होती. मी उठून स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिले.

त्यांनी पातेलं खाली उतरवलं आणि पाट सोडला.

"हे गायले घाल," त्या म्हणाल्या. "दुसरी दाळ लाव. अन् आंघोळ करून ये, नैवेद्य तुलेच करा लागते."

त्या दिवशी मी वरण, भात, कढी, भजी, पुरण, सगळं वाफेवर केलं. एक कण जिभेला लावला नाही. दुपारी बाराला रामजन्म झाला, देवांना ताट दाखवलं, मग पंगत बसली. सासूबाईंनी पहिला घास वरणभाताचा घेतला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते, हेसुद्धा. त्यांनी तो घास चावला, गिळला, पोळी मोडून तुपात बुडवली आणि तीही खाल्ली. कौतुक करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पाणी पिऊन त्या आपल्या मुलाकडे वळल्या.

"सावलीले निरोप धाड," त्या म्हणाल्या. "थोरलीले म्हणा, पुढच्या नवमीले इथी जेवाले ये."

मी त्यांच्या पानात दुसरी पोळी वाढली, न विचारता, आणि त्यांनी ती घेतली.